स्लॅब भरायच्या आधी विजेची वाट आखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात खानापूर रोडलगत व्यापारी इमारत उभी राहते आहे. तळघरात पार्किंग, तळमजल्यावर सहा गाळे, पहिल्यावर डायग्नोस्टिक सेंटर, दुसऱ्यावर ऑफिसं, तिसऱ्यावर कोचिंग क्लास. लिफ्ट आहे, बोअरचा पंप आहे. तळघराच्या भिंती झाल्या आहेत आणि पंधरा दिवसांत तळघरावरची स्लॅब भरायची आहे. आर्किटेक्ट म्हणतात, इलेक्ट्रिकलचं ड्रॉइंग आधी हातात द्या. वायरमन म्हणतो, आता लाइटपंख्याचे पाइप टाकू, बाकीचं नंतर भिंत फोडून करू. मुख्य केबल किती जाडीची घ्यायची, मीटर तळघरात चालतील का आणि पाइप किती टाकायचे, हे तुम्हाला विचारायचं आहे.

आर्किटेक्टचं ऐका. सत्तावीस वर्षं मी बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हेच काम करतो. केबल कमी पडली तर ती काढून जाड ओढता येते. पण ती जाईल एवढी वाट स्लॅबमध्ये, भिंतीत आणि जमिनीखाली ठेवलेली नसेल, तर पुढे कॉलम आणि बीम फोडायची वेळ येते, आणि ते मी कुणालाही करू देत नाही. म्हणून या पंधरा दिवसांत तुम्हाला वाट ठरवायची आहे. केबलचा आकडा आणखी दोन महिन्यांनी पक्का केला तरी चालतो.

तरी वाटेची रुंदी ठरवायला भाराचा अंदाज लागतोच. इतक्या चौरस फुटाला इतके वॉट, असा हिशेब मी करत नाही. कोण काय लावणार आणि किती वाजता लावणार, हे विचारतो. तुमचे गाळे प्रत्येकी ५ किलोवॉट धरा, म्हणजे दोन एसी, दिवे, एखादा फ्रीज किंवा शोकेस. सहा गाळ्यांचे ३०. डायग्नोस्टिकला २२, ऑफिसांना १५, क्लासला १८. लिफ्ट, पंप, जिन्यातले आणि पार्किंगचे दिवे मिळून १२. बेरीज ९७ किलोवॉट. हे सगळं एकाच वेळी चालत नाही. डायग्नोस्टिकची गर्दी सकाळी, क्लास भरतो संध्याकाळी, तेव्हा ऑफिसं रिकामी होत असतात. अशा मिश्र वापराला मी ०.७ चा गुणक लावतो, म्हणजे ६८ किलोवॉट. त्यावर पुढच्या वाढीसाठी पाव भाग चढवला की ८५. एकच मोठं शोरूम किंवा एकच हॉटेल असतं तर हा गुणक मी ०.९ च्या खाली आणला नसता, कारण तिथे सगळे एसी एकदमच चालतात.

८५ किलोवॉट, तीन फेज, ४१५ व्होल्ट, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला येणारा भाग) ०.९. करंट येतो सुमारे १३१ अँपिअर. मेन एमसीसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा मुख्य ब्रेकर, १६० अँपिअरची लागेल. आता केबल. अॅल्युमिनियमची साडेतीन कोअरची एक्सएलपीई (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं आवरण असलेली) आर्मर्ड, म्हणजे पोलादी कवचाची, केबल घेतली, तर कंपन्यांच्या तक्त्यात जमिनीत पुरल्यावर ७० स्क्वेअर एमएमला सुमारे १६४ अँपिअर, ९५ ला १९६ आणि १२० ला २२३ अँपिअर दिलेले असतात. दुकानदार तक्ता बघून म्हणेल, ७० घ्या, १६४ म्हणजे भरपूर झालं. तो आकडा मोकळ्या मातीत पुरलेल्या एकट्या केबलचा आहे. पाइपमधून गेलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही. मी तिथे २० टक्के वजा करतो. मग ७० ची केबल १३१ वर येते आणि काठावर बसते. ९५ ची १५७ वर येते, पण ब्रेकर १६० चा आहे, म्हणजे ब्रेकर पडायच्या आधी केबल तापणार. १२० ची १७८ वर राहते. म्हणून तुमच्यासाठी १२०. ब्रेकरचा आकडा भारापेक्षा मोठा आणि केबलच्या खऱ्या क्षमतेपेक्षा लहान हवा. हा क्रम चुकला तर केबलचं संरक्षण करणारं कुणी उरत नाही, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त चूक इथेच होते.

व्होल्टेज किती पडतं तेही पाहा. पोलपासून मीटर रूमपर्यंत ४० मीटर धरले तर १२० च्या केबलमध्ये जेमतेम ३ व्होल्ट पडतात. चिंता नको. हेच अंतर १५० मीटर असतं, जसं हायवेपासून आत असलेल्या प्लॉटला असतं, तर क्षमतेऐवजी व्होल्टेजचा हिशेब केबलची जाडी ठरवतो.

आता नव्या बांधकामात फार दुर्लक्षित राहणारी गोष्ट, न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार. साडेतीन कोअर म्हणजे तीन पूर्ण फेज आणि साधारण अर्ध्या जाडीचा न्यूट्रल. जुन्या काळी मोटरी आणि साधे बल्ब असताना तो पुरत असे, तिन्ही फेज समतोल असले की न्यूट्रलमध्ये फारसा करंट येत नसे. आता एलईडी, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी, यूपीएस आले. ही उपकरणं करंट तुकड्यातुकड्यांत ओढतात आणि त्यातून तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळच्या तिप्पट वेगाने हेलकावणारा जादा करंट, तयार होतो. तिन्ही फेजचे हे हार्मोनिक एकमेकांना मारत नाहीत, न्यूट्रलमध्ये येऊन त्यांची बेरीज होते. कॉलेज रोडवरच्या एका इमारतीत मला रात्री बोलावलं होतं. ऑफिसच्या मजल्यावरचा न्यूट्रलचा लग, म्हणजे तारेच्या टोकाचा जोड, काळा पडून सुटला होता. न्यूट्रल सुटला की एका फेजवरच्या उपकरणांना २३० ऐवजी ३०० च्या वर, अगदी ४१५ पर्यंतही व्होल्टेज जाऊ शकतं. त्या मजल्यावरचे कॉम्प्युटर आणि दोन एसी जळले होते. तेव्हापासून ऑफिस, क्लास, डायग्नोस्टिक अशा मजल्यांना मी खालून वर जाणारी केबल पूर्ण चार कोअरचीच टाकतो. तुम्हीही तेच करा. किमतीतला फरक त्या एका रात्रीच्या नुकसानीपुढे काहीच नव्हता.

एक्स-रे मशिन येणार असेल तर ते क्षणभर मोठा करंट ओढतं. त्याची केबल मजल्याच्या बोर्डातून न घेता थेट मुख्य पॅनेलमधून न्या, नाहीतर प्रत्येक फोटोला त्या मजल्याचे दिवे लुकलुकतील.

मीटरची जागा. तळघर नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये या जिल्ह्यात घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा सगळ्या एकदम फुगल्या, गोकाकात घरात पाणी शिरलं. खानापूर रोडवर नदी येणार नाही हे मला कळतं, पण बेळगावचा जुलै तुम्हालाही माहीत आहे. रस्त्याचं पाणी रॅम्पवरून तळघरात उतरतं, पंप बंद पडतो, आणि पंपाची वीज त्याच पाण्यात बुडालेल्या पॅनेलमधून येत असते. मीटर रूम तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला काढा, तिची जमीन बाहेरच्या पातळीपेक्षा दीड फूट उंच घ्या, आणि मीटर रीडर दुकान बंद असतानाही पोचेल असा दरवाजा ठेवा. प्रत्येक गाळ्याला आपला आर. आर. नंबर (वीज कंपनीचा ग्राहक क्रमांक), आपलं मीटर असणार. सहा गाळे, तीन मजले आणि कॉमन धरून दहा मीटर झाले. भिंतीवर चौदा बसतील एवढी जागा सोडा, कारण मजला भाड्याने देताना एकाचे दोन भाडेकरू होतात.

इथेच हेस्कॉमचा, म्हणजे आपल्या भागातल्या वीज कंपनीचा, विषय येतो. भार एका मर्यादेपुढे गेला की टीसीसाठी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरसाठी, इमारतीच्या आवारात जागा द्यावी लागते. कोल्हापूरकडचे पाहुणे ज्याला डीपी म्हणतात, तीच आपली टीसी. ही मर्यादा आदेशांनी बदलत असते, म्हणून सेक्शन ऑफिसला आजच लेखी अर्ज द्या, ९७ किलोवॉटची यादी जोडा आणि कुठून लाइन मिळणार, टीसी लागणार का, हे विचारा. उत्तर येईपर्यंत समोरच्या कोपऱ्यात ३ बाय ४ मीटरची जागा पायऱ्या, जाहिरातीचा खांब, पार्किंग यांपैकी कशालाही देऊ नका. ती जागा नंतर काढणं सर्वांत अवघड जातं. अर्ज आणि कंप्लिशन रिपोर्टवर कर्नाटकचं लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरची सही लागते. निपाणी-संकेश्वरकडे अनेक मालक महाराष्ट्रातल्या कागल-गडहिंग्लजचा ओळखीचा वायरमन आणतात. तो हाताचा कितीही चांगला असला तरी शेवटी सहीसाठी दुसरा माणूस शोधावा लागतो, आणि तो माणूस न पाहिलेल्या कामावर सही करतो. हे मला पटत नाही. काम सुरू होतानाच सही करणारा माणूस ठरवा आणि त्याला स्लॅबवर उभा करा.

आणखी एक, समोरून ११ केव्हीची लाइन जात असेल तर बाल्कनी काढण्याआधी अंतर मोजा. आडवं अंतर किमान १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर राहिलं पाहिजे. गणपत गल्ली, खडेबाजारात जुन्या माळ्यांवरून हात लांबवला तर तारेला लागेल अशी घरं आहेत. तुम्ही नव्याने बांधताय, तुम्हाला ते टाळता येतं.

आता वाट. पोल किंवा टीसीपासून मीटर रूमपर्यंत दोन पाइप टाका, एक वापराला आणि एक मोकळा. डीडब्ल्यूसी पाइप घ्या, बाहेरून कड्या असलेला दुहेरी भिंतीचा. मीटर रूमकडचा पाइप मी १५० एमएमचा घेतो. १२० स्क्वेअर एमएमची केबल बाहेरून साधारण ४४ एमएम जाड असते आणि १०० एमएमच्या पाइपमधूनही जाईल, पण उद्या भार वाढून २४० ची केबल लागली तर १०० च्या पाइपमध्ये ती वळणावर अडकते. लो टेन्शनच्या केबलवर किमान ७५ सेंटीमीटर माती हवी, गाड्या जातात तिथे १ मीटर. केबलवर वाळू, वर विटा किंवा टाइल, आणि त्यावर लाल-पिवळी इशाऱ्याची पट्टी. पाण्याच्या, गॅसच्या, इंटरनेटच्या कामांसाठी आपले रस्ते किती वेळा खोदले जातात ते तुम्ही बघताच. जेसीबीवाल्याला ती पट्टी आधी दिसते.

वळण हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि प्लंबरच्या एल्बोने तो कायमचा बिघडतो. आर्मर्ड केबलला तिच्या जाडीच्या बारा पटींपेक्षा लहान वळण देता येत नाही. ४४ ला बारा पट म्हणजे ५२८ एमएम, म्हणजे वळणाची त्रिज्या अर्ध्या मीटरहून जास्त. ड्रेनेजचा काटकोनी एल्बो टाकून वर काँक्रीट भरलं की तो पाइप फक्त कागदावर पाइप राहतो. हे एकदा माझ्या डोळ्यांसमोर झालं आहे. मी साइटवर नसताना प्लंबरने मदत म्हणून माझे दोन्ही पाइप एल्बोने जोडून दिले. दोन दिवस सहा माणसं केबल ओढत होती, शेवटी पार्किंगचं नवं काँक्रीट फोडलं. जिथे वळण लागेल तिथे विटांचा चेंबर बांधा, आतून ९०० बाय ९०० एमएमचा. दोन चेंबरमध्ये सरळ रेघ ठेवा.

आणि पाइपचा उतार बाहेरच्या बाजूला, कायम. टिळकवाडीतल्या एका इमारतीत, जी मी नंतर दुरुस्तीला घेतली, पाइपचा उतार आत होता. पावसाळ्यात चेंबर भरला की पाणी पाइपमधून चालत थेट पॅनेलच्या तळात उतरायचं. मालक तीन वर्षं गच्चीतून गळती शोधत होता. पाइपचं तोंड आतल्या बाजूने सील करा, वापरात असलेलं आणि मोकळं, दोन्ही. मोकळ्या पाइपचं तोंड उघडं राहिलं की त्यातून पाण्याबरोबर उंदीरही येतात.

वर जाणारा शाफ्ट, म्हणजे मजल्यामजल्यातून केबल नेणारी उभी पोकळी, वेगळा हवा. तुमच्या ड्रॉइंगमध्ये जिन्याजवळ पाण्याच्या पाइपचा शाफ्ट आहे, त्यातच केबल टाकू असं वायरमन सुचवेल. नको. पाण्याचा जोड गळाला की ते पाणी केबलवरून खाली मीटर रूममध्ये येतं. ६०० बाय ४५० एमएमचा शाफ्ट जिन्याच्या दुसऱ्या बाजूला काढा, प्रत्येक मजल्यावर उघडता येईल असं दार ठेवा. स्लॅबमध्ये त्याचं भोक आत्ताच सोडायचं आहे, सेंट्रिंगवाल्याला पेटी करून द्या. केबल गेल्यावर प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी ते भोक आग अडवणाऱ्या मटेरियलने बंद करा. ते उघडं राहिलं तर शाफ्ट धुरासाठी चिमणी बनतो, आणि वरच्या मजल्यावर तुमचा क्लास आहे, मुलं आहेत. ही एक गोष्ट मी मालकाच्या मर्जीवर सोडत नाही.

मीटर रूमपासून गाळ्यांपर्यंत प्रत्येकाला वेगळा ३२ एमएमचा पाइप. ५ किलोवॉट सिंगल फेजला ६ स्क्वेअर एमएमची कॉपर वायर पुरते आणि ती २५ च्या पाइपमध्येही बसते. मग ३२ कशाला? उद्या एखाद्या गाळ्यात आइस्क्रीमवाला किंवा बेकरी आली की तो तीन फेज मागणार. पाच वायर ओढायला ३२ चा पाइप लागतो. २५ मीटरपेक्षा लांबच्या गाळ्याला १० स्क्वेअर एमएम टाका.

स्लॅबमधले लाइटपंख्याचे पाइप २५ एमएमचे, आयएसआय, मीडियम किंवा हेवी. पातळ पाइप काँक्रीटवाल्यांच्या बुटाखाली चपटे होतात. सरळ पाइपमध्ये जितक्या वायर जातात, तितक्या वळणातून जात नाहीत. २५ च्या पाइपमध्ये २.५ स्क्वेअर एमएमच्या आठपेक्षा जास्त वायर मी टाकत नाही, आणि दोन काटकोनांनंतर बॉक्स देतोच. पाइप खालच्या आणि वरच्या सळ्यांच्या मध्ये बांधा, काही फुटांवर तारेने आवळा, तोंडं कापडाने नाही, टोप्यांनी बंद करा. काँक्रीट चालू असताना तुमच्या वायरमनचा एक मुलगा स्लॅबवर उभा हवा, चहाला गेलेला चालत नाही. त्याआधी सकाळी फूटपट्टी धरून प्रत्येक पाइपचे फोटो काढा. पाच वर्षांनी फॉल्स सीलिंगवाला ड्रिल मारेल तेव्हा तेच फोटो उपयोगी येतात.

आत्ताच मोकळे सोडायचे पाइप: गच्चीवरून मीटर रूमपर्यंत सोलरसाठी एक, जनरेटरच्या जागेपासून पॅनेलपर्यंत एक, पार्किंगमध्ये गाड्यांच्या चार्जिंगसाठी दोन, इंटरनेट आणि कॅमेऱ्यांसाठी पूर्ण वेगळी वाट. प्रत्येकात जस्त चढवलेली लोखंडी तार ओवून ठेवा, पुढे तिनेच केबल ओढता येते. समोरच्या भिंतीवर गाळ्यांच्या बोर्डांसाठीही वाट ठेवा, म्हणजे दुकानदार शटरच्या फटीतून वायर काढणार नाही. गणपतीत मंडळाची माणसं ओळखीने दुकानाच्या बोर्डातून जोडणी मागतात. ओळख कितीही असली तरी देऊ नका, मंडळाला तात्पुरतं कनेक्शन मिळतं.

अर्थिंगबद्दल बेळगावात जमीन बघून बोलावं लागतं. बैलहोंगल, गोकाककडच्या काळ्या मातीत रोध सहज कमी येतो, पण उन्हाळ्यात ती भेगाळते आणि इलेक्ट्रोडभोवती पोकळी होते. तुमच्या बाजूला तांबडी माती आणि खाली जांभा. जांभ्यात एक खड्डा करून भागत नाही. चार इलेक्ट्रोड घ्या, दोन इलेक्ट्रोडांमध्ये इलेक्ट्रोडच्या लांबीएवढं तरी अंतर सोडा, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा आणि सगळे पट्टीने जोडा. मोजमाप ऑगस्टमध्ये करून आकडा दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, ओल्या जमिनीत कुणाचाही रोध कमी येतो. मे महिन्यात, वळवाच्या आधी मोजा. त्याच वळवाच्या विजांसाठी मुख्य पॅनेलमध्ये सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारं उपकरण) लावा, डायग्नोस्टिकच्या मशिनरीमुळे तुम्हाला ते हवंच. गाळ्यांच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा ब्रेकर.

पॅनेलवरचे धोक्याचे फलक आणि कोणता ब्रेकर कुठला, याच्या पट्ट्या कन्नडमध्ये लावाच, तपासणीला येणारे तेच बघतात. त्याखाली मराठीतही लिहा. रात्री धूर निघाला तर ब्रेकर पाडणारा तुमचा वॉचमन असेल, आणि त्याला जे वाचता येतं तेच तिथे लिहिलेलं हवं.

आता तुम्ही दोन गोष्टी मोजून कळवा. जवळच्या पोलपासून मीटर रूमच्या नियोजित भिंतीपर्यंतचं अंतर, आणि शाफ्टसाठी सुचवलेल्या जागेखाली बीम येतो का. बीम येत असेल तर शाफ्ट फूटभर सरकवावा लागेल, आणि ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला या आठवड्यातच विचारलं पाहिजे.